ऐकून घेतलं, पण अहवालात कुठे गेलं?

गेली एकवीस वर्षं मी कंपन्यांच्या सामाजिक अहवालांच्या, म्हणजे आपल्या कामाचा माणसांवर आणि निसर्गावर काय परिणाम होतो हे सांगणाऱ्या अहवालांच्या, कामात आहे. पहिली अकरा वर्षं अहवाल लिहिण्यात गेली, पुढची दहा दुसऱ्यांनी लिहिलेले अहवाल तपासण्यात. मागच्या अंकात मी या अहवालांतल्या 'हितधारकांशी संवाद' या प्रकरणाबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. कुठलाही अहवाल हातात आला की मी सगळ्यात आधी तेच प्रकरण उघडते, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेते आहे: आधी पत्र, मग माझं उत्तर. लिहिणाऱ्यांची नावं आणि ओळख पटेल असा तपशील काढला आहे.

आधी एका शब्दाबद्दल, कारण दोन पत्रांत तो चुकला आहे. भागधारक म्हणजे ज्याच्याकडे कंपनीचे शेअर आहेत तो. हितधारक म्हणजे कंपनीच्या कामाचा ज्याच्यावर परिणाम होतो, किंवा ज्याचा कंपनीवर परिणाम होऊ शकतो, असा कुणीही. व्यवस्थापनाचे अभ्यासक आर. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये ही व्याख्या मांडली आणि ती आजही चालते. मी कामात नवी असताना आमच्या आमंत्रणपत्रात 'भागधारकांची बैठक' असं छापून गेलं. कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणारं एकही माणूस बैठकीला आलं नाही. नंतर रस्त्यात भेटलेल्या एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे कुठे शेअर आहेत?" ते पत्र माझ्याच नजरेखालून गेलं होतं. तेव्हापासून आमंत्रणात मी हे दोन्ही शब्द वापरतच नाही. 'कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या आणि कारखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांसाठी' असं सरळ लिहिते.

पहिलं पत्र: मी एका उत्पादन कंपनीच्या सस्टेनेबिलिटी विभागात चार महिन्यांपूर्वी रुजू झाले. हितधारक संवादाचं प्रकरण माझ्याकडे आहे आणि हातात सहा आठवडे आहेत. आम्ही ऑनलाइन प्रश्नावली पाठवली होती. उत्तरं आली ती बहुतेक आमच्याच कार्यालयातल्या लोकांची आणि मोठ्या ग्राहकांची. वरिष्ठ म्हणतात, तेवढ्यावर तक्ता कर. मला ते पटत नाही, पण सहा आठवड्यांत मी करू तरी काय?

तुम्हाला पटत नाही, ते बरोबरच आहे. ईमेलवरची प्रश्नावली ज्याच्याकडे ईमेल, वेळ आणि कंपनीची भाषा या तिन्ही गोष्टी आहेत त्याच्यापर्यंतच पोहोचते. रात्रपाळीचा कंत्राटी कामगार, सफाई करणाऱ्या बाई, माल घेऊन आलेला आणि गेटबाहेर तासन् तास थांबलेला ड्रायव्हर, सांडपाणी जिथे सोडलं जातं त्याच्या खालच्या अंगाला राहणारी कुटुंबं, हे लोक तुमच्या उत्तरांत आहेत का, एवढंच पाहा. नसतील तर तो तक्ता कितीही रंगीत केला तरी अपुराच राहणार.

मिचेल, एगल आणि वुड या तीन अभ्यासकांनी १९९७ मध्ये हितधारकांची प्रतवारी करायला तीन कसोट्या दिल्या: त्यांच्या हातात सत्ता किती, त्यांचा दावा रास्त किती, आणि त्याची निकड किती. कंपन्यांना यांतली पहिली आपोआप कळते. बँक, सरकारी खातं, मोठा ग्राहक यांचा फोन कुणी टाळत नाही. ज्यांचा दावा रास्त आहे, निकडही आहे, पण हातात काहीच नाही, अशांपर्यंत मात्र मुद्दाम जावं लागतं. सहा आठवड्यांत त्यांच्यापर्यंत जा. बाकीचे तुमच्यापर्यंत आलेले आहेतच.

वीस बैठका घेऊ नका. तीन घ्या, पण नीट घ्या. एक कंत्राटी कामगारांबरोबर, पाळी बदलण्याच्या वेळेला, आणि तिथे सुपरवायझर नको. दाराबाहेरही नको. एक शेजारच्या वस्तीत, त्यांच्या जागेत, त्यांना सोयीच्या वेळेला. बायका येणार असतील तर त्यांच्याशी वेगळं बोलण्याची सोय ठेवा, कारण पुरुषांसमोर पाण्याबद्दल आणि अंधाऱ्या रस्त्याबद्दल त्या जे बोलत नाहीत ते एकट्या असताना बोलतात. तिसरी बैठक खरं तर बैठक नाहीच. ज्यांनी आधीच तक्रार केलेली आहे त्यांचं लिहिलेलं वाचून काढा. सुरक्षारक्षकाच्या केबिनमधलं रजिस्टर, एचआरकडची फाइल, हेल्पलाइनच्या नोंदी. मी एकदा गेटवरचं वर्षभराचं रजिस्टर दोन दिवस बसून वाचलं. 'वास येतो', 'परत वास', 'मुलांना खोकला', 'साहेब भेटले नाहीत' अशा नोंदी, आणि तारखा बहुतेक शनिवार-रविवारच्या. प्रश्नावलीच्या शेकडो उत्तरांत जे कळलं नव्हतं ते त्या रजिस्टरने सांगितलं.

टिपणं घेताना लोकांचे शब्द जसेच्या तसे घ्या आणि उठण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा. हे का सांगते, तर माझ्या हातून झालेली एक गोष्ट आहे.

एका खाणीच्या अहवालाचं काम माझ्याकडे होतं. बैठकीला एक वयस्कर बाई भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून घेऊन आल्या. रात्री दहानंतर घरासमोरून ट्रक गेला की त्या तारखेच्या चौकोनात त्या पेन्सिलीने एक रेघ मारत. कॅलेंडर टेबलावर उलगडलं की परत गुंडाळलं जात होतं, म्हणून मी त्याचे दोन कोपरे हाताने धरले आणि त्यांनी दोन. काही चौकोनांत चार-पाच रेघा होत्या, काहींत इतक्या की खालची तारीखच वाचता येत नव्हती. घरात लहान बाळ होतं आणि ते दर ट्रकला दचकून उठायचं. त्या बोलल्या त्याचं पानभर टिपण मी केलं. ते विभागप्रमुखांकडे गेलं, तिथून कायदा विभागाकडे, तिथून जनसंपर्क विभागाकडे. छापून आलं ते एवढंच: 'वाहतुकीसंदर्भात काही रचनात्मक सूचना प्राप्त झाल्या.' प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मी त्यावर सही केली.

त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. पण त्यातून बाळ गेलं, रात्र गेली, रेघा गेल्या. पुढच्या वर्षी मी बाईंना विचारून त्यांच्या रेघांची महिनावार बेरीज तक्त्यात घातली आणि खाणीच्या काट्यावरच्या वजनपावत्यांच्या वेळांशी ताडून पाहिली. जुळली. आकडा समोर आल्यावर कायदा विभागाला तो खोडता येईना. त्या रस्त्यावरून रात्रीच्या फेऱ्या बंद झाल्या. त्या दुसऱ्या रस्त्याला वळवल्या, आणि तिथल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. तेही मी त्याच्या पुढच्या वर्षीच्या अहवालात लिहिलं.

आता नियमांचं. तुम्ही बहुधा जीआरआयच्या, म्हणजे ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, मानकांनुसार लिहीत असाल. २०२१ च्या सुधारित मानकांतली २-२९ ही बाब हितधारक कोण, ते कसे ठरवले, त्यांच्याशी कशासाठी बोलता आणि बोलणं अर्थपूर्ण व्हावं म्हणून काय करता, एवढं विचारते. आधीच्या, २०१६ च्या संचात १०२-४४ अशी एक बाब होती: कोणत्या गटाने कोणता प्रश्न मांडला आणि कंपनीने त्यावर काय केलं. नव्या संचात ती स्वतंत्र राहिली नाही, आणि बऱ्याच कंपन्यांनी तो तक्ता छापणंच सोडून दिलं. मला याचं वाईट वाटतं. पण ३-३ या बाबीतला शेवटचा मुद्दा पाहा. प्रत्येक महत्त्वाच्या विषयात हितधारकांशी झालेल्या बोलण्यामुळे तुमची कृती कशी ठरली, आणि ती लागू पडली का हे ठरवताना त्या बोलण्याचा काय उपयोग झाला, हे तो मुद्दा स्पष्ट विचारतो. वरिष्ठांना तेच दाखवा. तक्त्यात 'काय म्हणाले' याच्या शेजारी 'आम्ही काय ठरवलं' हा रकाना हवा, आणि जिथे काही केलं नाही तिथे 'केलं नाही, कारण' असं लिहा. सहा आठवड्यांत ड्रायव्हरांपर्यंत पोहोचता आलं नाही तर 'या वर्षी ड्रायव्हरांशी बोलणं झालं नाही' हे वाक्य छापा. मी तपासनीस म्हणून असं वाक्य वाचते तेव्हा बाकीच्या पानांवर माझा विश्वास वाढतो.

दुसरं पत्र: आमच्या वस्तीजवळच्या प्रकल्पाने बैठक बोलावली होती. मी उभी राहून धुळीबद्दल बोलले, चांगली दहा मिनिटं बोलले. अहवाल आला तर त्यात माझा हात वर केलेला मोठा फोटो, आणि खाली 'स्थानिक समाजाशी अर्थपूर्ण संवाद'. माझ्या बोलण्यातला एक शब्द कुठे नाही. आता शेजारी विचारतात, तुम्ही संमती दिलीत का? मी काय करू?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. फोटो निवडण्याच्या बैठकांना मी बसलेली आहे. वर केलेला हात, उजळ चेहरा, मागे भरलेल्या खुर्च्या असा फोटो निवडला जातो. तो माणूस काय म्हणत होता हे निवडणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नसतं, कारण ते बैठकीला नसतात. तुमचा राग रास्त आहे, आणि तुमच्या हातात काही गोष्टी आहेत.

अहवाल जीआरआयनुसार केलेला असेल तर त्यात शंकांसाठी संपर्काचा पत्ता देणं बंधनकारक असतं. तो पहिल्या किंवा शेवटच्या पानांत सापडेल. त्या पत्त्यावर लेखी पत्र पाठवा. फार लांब नको. बैठकीची तारीख, तुम्ही काय म्हणालात ते चार-पाच वाक्यांत, आणि तीन मागण्या: बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्या, फोटो वापरण्याची परवानगी माझ्याकडून कधी आणि कशी घेतलीत ते सांगा, ऑनलाइन प्रतीतून फोटो काढा किंवा त्याखाली मी जे बोलले ते छापा. शेवटचा पर्याय जरूर ठेवा. फोटो काढून टाकणं कंपनीला सोपं जातं, पण तुम्हाला हवं आहे ते तुमचं म्हणणं नोंदवलं जाणं.

अहवालाला स्वतंत्र तपासणीचं प्रमाणपत्र जोडलेलं असेल तर त्यावर तपासणाऱ्या संस्थेचं नाव असतं. पत्राची एक प्रत तिकडे पाठवा. मी तपासणाऱ्यांच्या बाजूला बसलेली आहे म्हणून सांगते, असं एक पत्र आलं की पुढच्या वर्षी आम्ही त्या बैठकीचं मूळ टिपण मागून घेतो. तुम्ही लिहिलं नाही, तर आम्हाला फक्त फोटो दिसतो.

आणि एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी, जी कुणीतरी आधीच लोकांना सांगायला हवी होती असं मला फार वाटतं. बैठकीच्या दाराशी हजेरीपट ठेवलेला असतो आणि सगळे त्यावर सही करतात. पुढे तोच कागद 'इतक्या लोकांशी सल्लामसलत झाली' याचा पुरावा होतो, आणि वादाच्या वेळी कधी कधी 'लोक तयार होते' याचाही. म्हणून सही करताना नावापुढे लिहा, 'फक्त हजर'. वरच्या ओळीत बैठकीचा विषय लिहिलेला नसेल, कोरी जागा असेल, तर तो लिहिल्याशिवाय सही करू नका. सही झाल्यावर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हे भांडण नव्हे, कुणी हरकत घेतली तर शांतपणे सांगा की माझी सही कुठे आहे ते मला लक्षात ठेवायचं आहे.

जाताना दोघी-तिघी मिळून जा. एकीने बोलायचं, दुसरीने लिहायचं. आठवड्याच्या आत तुमचं टिपण कंपनीला पाठवून 'बैठकीत हे बोलणं झालं, काही राहिलं असेल तर कळवा' असं विचारा. उत्तर आलं तर चांगलंच. नाही आलं तरी तुमच्याकडे तारखेसह कागद राहतो. धुळीचंही असंच: किती वाजता, कोणत्या दिवशी, वारा कुठून होता, वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागले का. 'फार धूळ येते' हे वाक्य अहवालात विरघळून जातं. तारीख आणि वेळ तशी विरघळत नाही.

कंपनीची तक्रार निवारणाची व्यवस्था असेल तर तिचा वापर करा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये मान्य केलेली उद्योग आणि मानवी हक्कांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांतलं एकतिसावं तत्त्व सांगतं की अशी व्यवस्था लोकांना माहीत असलेली आणि त्यांच्या आवाक्यातली हवी, तिच्यात कोणत्या टप्प्याला किती वेळ लागेल हे आधी कळायला हवं. तुमच्या तक्रारीला क्रमांक आणि मुदत मिळाली नाही, तर हे तत्त्व पत्रात नमूद करा.

तिसरं पत्र: मी एका कंपनीत व्यवस्थापक आहे. कायद्याने लागणाऱ्या सगळ्या परवानग्या आमच्याकडे आहेत. अनुभव असा की लोकांना विचारायला गेलं की अपेक्षा वाढतात, रस्ता मागतात, नोकऱ्या मागतात, आणि नाही म्हटलं की संबंध बिघडतात. मग विचारायचंच कशाला?

तुमची भीती खरी आहे, ती मी पाहिलेली आहे. पण अपेक्षा विचारण्याने वाढत नाहीत. काय ठरायचं बाकी आहे आणि काय ठरून गेलं आहे हे न सांगता विचारलं, की वाढतात. शेरी अर्न्स्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना नुसतं वळवून घेणं, मध्ये माहिती देणं आणि सल्ला घेणं, वर भागीदारी, आणि सगळ्यात वर निर्णय लोकांच्याच हाती. तुम्ही सल्ला घेण्याच्या पायरीवर असाल तर तसं सांगा. 'चिमणीची जागा ठरली आहे, ती बदलणार नाही. गाड्यांच्या वेळा आणि झाडांची पट्टी कुठे लावायची, हे तुमच्याशी बोलून ठरवायचं आहे.' एवढं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं तर लोक चिडतील, प्रश्नही विचारतील, पण फसवलं असं म्हणणार नाहीत. वरच्या पायरीचं आमंत्रण देऊन खालच्या पायरीवर बसवलं, तर संबंध बिघडणारच.

परवानग्यांबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात जुकान घळ नावाची जागा आहे. पुटू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा या मूळनिवासी लोकांची ती पवित्र भूमी. तिथल्या एका शैलाश्रयात माणसाच्या वावराच्या ४६,००० वर्षांपूर्वीच्या खुणा होत्या. लोहखनिजाच्या खाणीसाठी ती जागा मोडण्याची सरकारी संमती रिओ टिंटो कंपनीला २०१३ मध्ये मिळाली. २०१४ मध्ये उत्खनन झालं आणि तेव्हा सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची, माणसांच्या केसांची वेणी घालून केलेली वस्तू सापडली. तिच्यातल्या डीएनएचा धागा आजच्या त्याच लोकांशी जुळला. म्हणजे संमती मिळाल्यानंतर त्या जागेचं मोल आणखी उघड झालं होतं. दिलेल्या संमतीचा नव्या माहितीच्या आधारे फेरविचार करण्याची वाट त्या कायद्यात नव्हती. २४ मे २०२० रोजी सुरुंगाने ती जागा उडवली गेली. कंपनीकडचा कागद वैध होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तीन वरिष्ठांनी पायउतार व्हावं असं ठरलं, आणि ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्या प्रकरणाची चौकशी केली.

मला त्यात सगळ्यात जास्त लागतं ते २०१४ ते २०२० मधलं अंतर. सहा वर्षं. परवानगी एका तारखेला मिळते, संवाद त्यानंतरही चालू ठेवावा लागतो, कारण माहिती बदलत राहते. जीआरआयच्या मानकांत अर्थपूर्ण संवादाचं वर्णन करताना म्हटलं आहे की तो दोन्ही बाजूंनी व्हावा, सद्भावनेने व्हावा, सतत चालावा आणि शक्यतो निर्णय होण्यापूर्वी व्हावा. तुमच्याकडे बैठक वर्षातून एकदा, अहवाल लिहायच्या महिन्यात होत असेल, तर ती अहवालासाठी होते आहे. ती निर्णयाच्या वेळापत्रकाला जोडा. पुढच्या वर्षी कोणते निर्णय व्हायचे आहेत त्याची यादी काढा आणि प्रत्येकाच्या दोन महिने आधी कुणाशी बोलायचं ते लिहून ठेवा.

आणि रस्ता मागितला, देता येत नसेल तर 'नाही' म्हणा, कारणासह, त्याच बैठकीत किंवा पंधरा दिवसांच्या आत. मी पाहिलेल्या ठिकाणी संबंध बिघडले ते 'नाही'मुळे नाही, 'बघू'मुळे. तीन वर्षं 'बघू' ऐकलेला माणूस चौथ्या वर्षी बैठकीला येत नाही, आला तर वेगळ्या तयारीने येतो.

चौथं पत्र: मी पदव्युत्तर वर्गात शिकतो. 'मटेरिअ‍ॅलिटी' आणि 'दुहेरी मटेरिअ‍ॅलिटी' यांत फरक काय? आणि त्यात हितधारक नेमके कुठे येतात?

मटेरिअ‍ॅलिटी म्हणजे कोणता विषय दखल घेण्याइतका मोठा आहे हे ठरवणं. प्रश्न उरतो तो 'कुणासाठी मोठा?' हा. जून २०२३ मध्ये आलेली आयएसएसबीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय शाश्वतता मानक मंडळाची, मानकं गुंतवणूकदाराच्या नजरेने पाहतात: पाण्याच्या टंचाईने कंपनीच्या कमाईवर परिणाम होईल का? जीआरआय उलट दिशेने पाहतं: कंपनीच्या पाणी उपशाने इतरांच्या विहिरीवर काय परिणाम होईल? युरोपीय संघाच्या मानकांत दोन्ही दिशांनी पाहायचं असतं, यातली एक जरी लागू पडली तरी विषय अहवालात येतो. यालाच दुहेरी म्हणतात.

हितधारक इथे येतात, आणि इथेच हरवतातही. बरीच वर्षं कंपन्या एक आलेख छापत आल्या: उभ्या अक्षावर 'हितधारकांसाठी महत्त्व', आडव्यावर 'कंपनीसाठी महत्त्व', मध्ये ठिपके. त्या उभ्या अक्षावरचा ठिपका सगळ्या गटांची सरासरी काढून बसवलेला असायचा. दोन हजार ग्राहकांना पॅकिंग महत्त्वाचं वाटतं, साठ कुटुंबांना पिण्याचं पाणी. सरासरी काढा, पॅकिंग वर जातं. २०२१ नंतर जीआरआय विचारतं ते परिणामाच्या तीव्रतेबद्दल: हानी किती गंभीर, किती लोकांपर्यंत पसरलेली, आणि भरून निघण्यासारखी आहे का. मानवी हक्कांचा प्रश्न असेल तर तीव्रतेला शक्यतेपेक्षा जास्त वजन द्यायचं. त्या साठ कुटुंबांना यामुळे जागा मिळते. प्रबंधासाठी अहवाल वाचाल तेव्हा आलेख पाहून पुढे जाऊ नका, गटवार गुण कुठे दिलेत का ते शोधा.

युरोपीय मानकांतली एक ओळ मला फार आवडते. निसर्गाला 'मूक हितधारक' मानता येईल, आणि त्याच्या बाजूने पर्यावरणाची आणि प्रजातींची माहिती वापरता येईल, असं त्यात म्हटलं आहे. नदी बैठकीला येऊ शकत नाही. तिचे दर महिन्याचे नमुने येऊ शकतात.

पाचवं पत्र: माझं छोटं युनिट आहे, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतो. दर वर्षी तीन-चार कंपन्यांच्या लांबलचक प्रश्नावल्या येतात. 'हो' वर खुणा करून पाठवून देतो. यातून त्यांना काय मिळतं?

त्यांच्या अहवालात 'पुरवठादारांशी संवाद' या ओळीपुढे एक आकडा मिळतो. पण तुम्ही 'हो' वर खूण करता तेव्हा तुमच्या कामगारांच्या वतीनेही करता, म्हणून उत्तर जरा मनापासून देते.

२३ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातल्या राणा प्लाझा या इमारतीला तडे गेलेले कामगारांनी पाहिले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. कपडे शिवणाऱ्या कामगारांना दुसऱ्या दिवशी परत कामावर बोलावलं, आणि २४ तारखेला इमारत कोसळली. ११०० हून जास्त माणसं गेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी आधी झालेली होती, कागदांवर खुणा होत्या. ज्यांना तडे दिसले होते, त्यांचं म्हणणं कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं. पुढच्याच महिन्यात परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला, आणि धोकादायक जागी काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क त्यात लिहिला गेला.

पुढची प्रश्नावली आली की ती भरण्यापूर्वी अर्धा तास मशीनवरच्या माणसांबरोबर बसा. 'हो' लिहिण्याजोगं नसेल तिथे 'नाही' लिहा आणि शेरा या रकान्यात कारण लिहा. बहुतेक वेळा ते कारण प्रश्नावली पाठवणाऱ्या कंपनीकडेच जातं: ऑर्डर चार दिवस आधी बदलली जाते म्हणून ओव्हरटाइम होतो, पैसे तीन महिन्यांनी मिळतात म्हणून मशीनला नवं सुरक्षा-गार्ड बसवता येत नाही. हे मी पुरवठादारांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं आहे, लिहिलेलं मात्र दोनदाच पाहिलं. दोन्ही वेळा खरेदी विभागाला उत्तर द्यावं लागलं. भरलेल्या प्रश्नावलीची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि कंपनीचा अहवाल निघाला की त्यातलं पुरवठादारांचं पान काढून दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जुळत नसेल तर मला लिहा.